पाहुण्याची साक्ष

नाताळ अंकाचे संपादक घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "दानूकाका, यंदा तुमचा लेख हवाच. 'उपासनेतील पेटीवादन' असा विषय धरा." धरला. आठवडाभर कागद पुढ्यात घेऊन बसलो, पण एक ओळ धड सुचली असेल तर शपथ. उपासनेतल्या पेटीबद्दल सांगायचं काय? गीताचा आकडा फळ्यावर लागतो, पाळकसाहेब मान हलवतात, आपण सूर द्यायचा. चुकलो तरी मंडळी आपल्याहून जास्त चुकत असते, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नाही. एवढ्यावर लेख होत नाही, संपादकसाहेब.

म्हणून मी माझ्या दुसऱ्या नोकरीबद्दल लिहिणार आहे. पेटी शिकलो शिरूरच्या चर्चमध्ये, पण पोट भरलं ते तमाशात. मिसरूड फुटलं तेव्हा फडात गेलो आणि केस पिकायला लागले तेव्हा बाहेर पडलो. या अंकात तमाशाचं नाव आलेलं ज्यांना खपणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं. आमच्या वडिलांनीही तेच केलं होतं. मिशनच्या शाळेत मास्तर होते ते. मी फडात गेलो त्या दिवसापासून माझ्याशी बोलले नाहीत. काही हवं असलं तर आईला म्हणायचे, "त्याला सांग, कंदिलाची काच पुसून ठेव." आणि मी तिथंच शेजारी बसलेला असायचो.

ज्यांनी तमाशा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आधी गण, म्हणजे देवाला हात जोडायचे. मग गवळण. मग बतावणी, आणि शेवटी वग, म्हणजे मोठं नाटक. बतावणीत दोघं असतात. सरदार शहाण्यासारखे प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या वाकडी उत्तरं देतो. लोक नाचणारणीची चर्चा करतात, पण थांबतात सोंगाड्यासाठी. आमचा सरदार होता भिकाजी, आवाजानं आडदांड आणि मनानं लोणी. पेटीवाला या दोघांच्या मागं बसतो. लोकांना वाटतं, बतावणीत पेटीला काम नाही. काम तिथंच असतं. लोक हसले की सोंगाड्या दम घेतो. हशा चढत असेपर्यंत पेटी गप्प. उतरायला लागला की बारीक सूर धरायचा, म्हणजे जागा ओसाड पडत नाही, आणि सोंगाड्या पुढचं वाक्य त्या सुरावर टाकतो. सूर लवकर धरला तर हशा मरतो. उशिरा धरला तर सोंगाड्या मरतो. हे मला कुणी शिकवलं नाही, वाजवता वाजवता आलं. सगळी जवानी मी सोंगाड्याची पाठ बघत लोकांचं हसू ऐकण्यात घालवली.

आमचा सोंगाड्या सिंधी होता. सोंग नव्हे, खराखुरा सिंधी. फाळणीच्या धामधुमीत आईला घेऊन बोटीनं मुंबईला उतरला. कल्याणच्या छावणीत आई गेली. मग हा गाड्या बदलत दौंडला येऊन पडला आणि तिथल्या फलाटावर गोळ्या-बिस्किटं विकायला लागला. मराठी शिकला ती हमालांकडून, त्यामुळं शिव्या आधी आल्या आणि बाकीची भाषा सवडीनं. गाडी उभी असेपर्यंत डब्यातल्या लोकांना असा हसवायचा की त्यांच्या हातात पुडी कधी गेली ते त्यांना कळायचं नाही. आमच्या मालकीणबाई, तुळसाबाई, एकदा त्या गाडीत होत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्याला पाणी आलं. गाडी सुटली तशा पुढच्या स्टेशनावर उतरल्या, मिळेल त्या गाडीनं माघारी आल्या आणि त्याला म्हणाल्या, "गोळ्या इकून जलम काढनार हाईस व्हय रं? चल माझ्यासंगं."

त्याचं नाव झामनदास. पण त्या नावानं फडात कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. बाईंनी त्याला पहिली बतावणी दिली ती पाहुण्याची. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पाहुणा येतो, जेवतो, झोपतो, परत जेवतो. भिकाजी शेवटी कंटाळून विचारतो, "पाव्हणं, कवा निघनार?" हा ट्रंक उचलतो, चार पावलं जातो, वळतो आणि म्हणतो, "निघतो की साईं. कुठं जायचं तेवढं सांगा." आणि ट्रंकेवर बसकण मारतो. पब्लिक गडाबडा लोळायचं. ट्रंक खरी होती, सिंधमधून आलेली. एवढं एकच सामान त्याच्याजवळ होतं. तेव्हापासून तो सगळ्यांचा पाहुणा झाला, तो कायमचा.

त्याची एक सवय सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. तोंडाला रंग लावताना तो सिंधीत स्वतःशी बडबडायचा. कधी गाणं, कधी भांडण, कधी आईशी बोलल्यासारखं. आम्हाला अक्षर कळायचं नाही, पण त्या बडबडीशिवाय खेळाला उभं राहिल्यासारखं वाटायचं नाही.

एका वर्षी जत्रांच्या हंगामात कोरेगाव भीमाला नदीकाठी आमच्या राहुट्या पडल्या होत्या. संध्याकाळी रंगाला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की राहुटीत आवाज नाही. पाहुणा अर्ध्या गालाला रंग लावून आरशात बघत बसला होता. मी म्हटलं, "पाव्हणं, काय होतंय?"

"कायबी होत न्हाई, दानू," तो म्हणाला. "त्योच तर वांधा हाय."

मी हसलो. त्याचं बोलणं ऐकून हसायची आम्हाला सवयच होती. पण तो दुसऱ्या दिवशी उठला नाही, तिसऱ्या दिवशी उठला नाही. ताप नाही, दुखणं नाही. वाकळ पांघरून कनातीकडं तोंड करून पडून राहायचा. फडातल्यांनी लिंबू उतरवलं, अंगारा लावला. मी उशाशी बसून प्रार्थना केली. त्यानं खाणं सोडलं आणि मग पाणीही सोडलं, तशा तुळसाबाई पदर खोचून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "देव बघंल ते बघंल, आधी डाक्टरला दावू." त्यांनी त्याला येष्टीत घातलं आणि पुण्याला नेलं. डॉक्टरांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवून घेतलं.

आता लोकांना काय सांगायचं? सोंगाड्याला येरवड्याला ठेवलाय असं सांगितलं तर कोणतं गाव बोलावणार? बाईंनी सगळ्या मुलखात ठोकून दिलं की पाहुणा मुंबईला सिनेमात गेलाय. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं, की शिरूरच्या बाजारात एकानं मला तो सिनेमा पाहिल्याचं सांगितलं. "लई झ्याक काम केलंय पाव्हन्यानं," म्हणाला. मी मान हलवली. काय करणार?

पावसाळ्यात फड बंद असतो. ज्याचं त्याचं गाव त्याला असतं. इस्पितळातून सुटला तेव्हा पाहुण्याला गाव नव्हतं, म्हणून तो ट्रंक घेऊन शिरूरला आमच्या दारात आला. वाळून काटकी झाला होता. मी दचकलो, वडील घरात होते. मास्तर बाहेर आले, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "या, बसा. आधी जेवून घ्या." ज्या बापानं मला वर्षानुवर्षं हाक मारली नव्हती तो तमाशातल्या सोंगाड्याला ताट वाढायला सांगत होता. मला रागही आला आणि रडूही आलं.

रविवारी तो माझ्या आईबरोबर चर्चला यायला लागला. सगळ्यात मागच्या बाकावर बसायचा. आमच्यात एक रीत आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. उपासनेत कुणालाही उभं राहून साक्ष देता येते. म्हणजे आपल्यावर काय गुदरलं, आपण कुठं घसरलो, देवानं कसं सावरलं, हे सगळ्यांसमोर आपल्या तोंडानं सांगायचं. एका रविवारी दवाखान्यातला एक कंपाउंडर उभा राहिला. दारूपायी बायकोची भांडीकुंडी कशी विकली आणि पोरांना उपाशी कसं ठेवलं ते त्यानं सांगितलं. सांगून झाल्यावर तो बसला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं गीत सुरू झालं.

घरी येताना पाहुणा रस्त्यात थांबला. म्हणाला, "दानू, त्या मान्सानं सगळ्यांफुडं सांगितलं?"

"हो. साक्ष असते ती."

"आन् लोक हसले न्हाईत?"

"साक्षीला कुणी हसतं का?"

घर दिसायला लागलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्याकडं असली मंडळी न्हाई. माझ्याकडं हसनारीच हायती. त्यांनाच सांगावं लागंल."

मला वाटलं, बोलला आपलं काहीतरी. दसऱ्यानंतर फड उभा राहिला आणि आम्ही निमोण्याला गेलो.

जत्रेच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं हजेरी असते. रात्री बत्तीच्या झगमगाटात आम्हाला पब्लिक दिसत नाही, नुसता आवाज येतो. हजेरीला दिवसाउजेडी माणसं समोर बसलेली असतात. म्हातारीकोतारी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, फेटेवाले पंच. सगळ्यांचे चेहरे दिसतात. पाहुण्यानं तीच वेळ धरली. भिकाजीनं नेहमीसारखं विचारलं, "काय पाव्हणं, लई दिसांनी? सिनेमात व्हता म्हनं?"

"सिनेमात न्हाई, साईं. येरवड्यात व्हतो."

लोक हसले. भिकाजी गडबडला, पण जातीचा सरदार होता. त्यानं विचारलं, "का? चोरी केलीती का?"

"चोरीवाल्यांचं फाटक येगळं. मी येडेवाल्यांच्या फाटकातनं गेलो."

आणखी मोठा हशा. मी सूर धरला. हे आमच्यात ठरलेलं नव्हतं. भिकाजी म्हणाला, "मग तिथं काय करत्यात?"

"टाळक्याला ईज लावत्यात. निमोण्यात अजून लाईट आली न्हाई, पर माझ्या टाळक्यात येऊन गेली बगा!"

देवळापुढं नुसता गदारोळ झाला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती. पाहुण्यानं हशा उतरू दिला. मी सूर धरला आणि त्या सुरावर तो साध्या आवाजात बोलायला लागला. "हसा साईं, हसण्यासारखंच हाय. पर खरं सांगतो. मला सकाळ झालेली आवडंना. भाकर मातीवानी लागायची. मरून जावं वाटायचं, आन् मरायला उठायचाबी कंटाळा. हे भूत न्हाई, करनी न्हाई. दुखनं हाय, जसा हिवताप असतोय. कारन इचारू नका. फाळनी म्हनाल, तर फाळनी लाखो लोकांची झाली, सगळी कुठं येरवड्याला गेली? मला झालं. डाक्टरनी बरं केलं. परत हुईल, परत जाईन. तुमच्या घरात कुनी असं भिताडाकडं तोंड करून पडलं असंल, तर त्याला लपवू नका. मारू नका. न्या."

पुढच्या ओळीतली माणसं मधूनमधून हसत होती, कारण सोंगाड्या बोलत होता. ढोलकीवाल्यानं सवयीनं एक थाप टाकली. ट्रंकेवर बसून पाहुण्यानं हात जोडले आणि हजेरी संपली.

आम्ही राहुट्या सोडत होतो तेव्हा एक गृहस्थ आले. धोतर, कोट, तांबडा फेटा, चांगली बागायत राखून असलेले पंचातले मानकरी. गावात सगळे त्यांना आप्पा म्हणत. तंबाखू मळत इकडचं तिकडचं बोलले आणि मग पाहुण्याला म्हणाले, "आमच्या एका सोयऱ्याच्या गावाला एक पोरगं हाय. कायबाय बडबडतंय, अंगावर धावून जातंय. त्याला बांधून घातलंया गोठ्यात. तसल्याला घेत्यात का तिथं?"

पाहुण्यानं त्यांना जवळ बसवलं. येष्टी कुठं धरायची, पुण्यात कुठं उतरायचं, फाटकावर कुणाला काय सांगायचं, सगळं समजावलं. म्हणाला, "आप्पा, मी सोता येतो संगं. उद्याच जाऊ."

आप्पा एकदम उठले. "न्हाई न्हाई. माझं काय न्हाई बगा. सोयऱ्याचं हाय. मी आपलं सहज इचारलं." आणि फेटा सारखा करत निघून गेले.

त्यानंतर गावोगाव असंच व्हायला लागलं. हजेरी झाली की कुणीतरी राहुटीच्या दोरीशी घुटमळायचं. कुणाची वहिनी बाळंतपणानंतर बोलेनाशी झालेली, कुणाचा भाऊ विहिरीच्या काठावर जाऊन बसणारा. पण सगळं सोयऱ्याधायऱ्यांचं आणि सगळं सहज. पाहुणा प्रत्येकाला तेवढ्याच मनापासून सांगायचा आणि प्रत्येकाला "मी येतो संगं" म्हणायचा. एकही माणूस कधी परत आला नाही. कुणी गेलं का, कुणाला गुण आला का, काही कळायचं नाही.

काही गावांच्या पंचांनी निरोप धाडला, वेडा सोंगाड्या नको, जत्रेला अपशकुन होतो. तुळसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् शाना सोंगाड्या कुनी बघितलाय का? असंल तर आना, मी बघते." त्या बाईनं पाहुण्याची बाजू कधी सोडली नाही, हे मला इथं लिहून ठेवायचंच होतं.

पण अपशकुनापेक्षा वाईट गोष्ट दुसरीच झाली. लोकांना ते आवडायला लागलं. टाळक्यातली वीज गावोगाव पोचली. पाहुणा पुढं आला रे आला की पब्लिक ओरडायचं, "येरवडा! येरवडा होऊ द्या!" ट्रंकेची बतावणी मागं पडली. विजेपर्यंत सगळे पोट धरून हसायचे, आणि तो हात जोडून साधं बोलायला लागला की माणसं उठून भज्यांच्या गाडीकडं वळायची. एकदा तो मला म्हणाला, "दानू, तुझ्या कंपाउंडरला बरं व्हतं. त्याच्या तोंडाला रंग नव्हता." मी म्हटलं, "मग रंग पुसून सांगा." त्यानं तेही करून पाहिलं. बिनरंगाचा सोंगाड्या बघून लोक आणखीच हसले.

मधल्या काळात तो दोनदा आजारी पडला आणि दोन्ही वेळा सांगून गेला. आम्हाला त्यानं बजावून ठेवलं होतं, "मी रंग लावताना गप बसलो की समजा, आन् मला गाडीत बसवा." फडातल्या आचाऱ्यापासून तुळसाबाईंपर्यंत सगळे कान देऊन असायचे. तो जायचा, महिना-दीड महिन्यानं यायचा आणि परत बडबड सुरू व्हायची. ती ऐकली की बाई देवाला हात जोडायच्या.

मग दौंडचा मुक्काम आला. रेल्वेत रात्रपाळी करणाऱ्यांसाठी आम्ही तिथं दुपारचा खेळ ठेवायचो. तंबू खच्चून भरायचा. फायरमन, खलाशी, हमाल, वर्कशॉपातले लोक. शिवाय दौंड म्हणजे पाहुण्याचं माहेर. फलाटावरचे जुने हमाल पुढच्या ओळीत येऊन बसले होते. आणि राहुटीत पाहुणा गप्प होता.

मी धावत बाईंकडं गेलो. बाई आल्या, त्याच्यासमोर बसल्या. "झामन," त्या म्हणाल्या. त्या एकदाच मी त्यांना त्याचं खरं नाव घेताना ऐकलं. "खेळ राहू दे. आत्ताच्या गाडीनं जा. लोकांना मी बघते."

"हमाल आल्यात, बाई," तो म्हणाला. "त्यांनी मला भाकर घातली हाय. त्यांना सांगून जातो."

तो पुढं गेला. भिकाजीनं काही विचारायच्या आधीच तंबू ओरडायला लागला, "येरवडा! येरवडा!" पाहुण्यानं हात वर केला. म्हणाला, "आज येरवडा सांगत न्हाई. आज मला तिकडं जायचंय. मला बरं वाटत न्हाई, साईं. लई भ्या वाटतंय. कुनी येतंय का संगं?"

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. माणसं बाकांवर उभी राहिली. "म्या येतो! म्या येतो!" म्हणत सगळ्या तंबूनं हात वर केले. टोप्या उडाल्या. पुढच्या ओळीतले हमाल डोळे पुसत हसत होते. पाहुणा तसाच उभा होता. हशा उतरेपर्यंत थांबायचं, ही त्याची सवय. पण तो हशा उतरतच नव्हता. मागून मला त्याची पाठ दिसत होती. भिकाजीनं माझ्याकडं पाहिलं, पेटी सोडून मी उठलो आणि आम्ही दोघांनी त्याला धरून आत आणलं. लोकांना तेही सोंगच वाटलं. बाहेर टाळ्या चालूच राहिल्या.

संध्याकाळच्या गाडीनं मी त्याला पुण्याला नेलं. वाटेत तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. मी काहीबाही बोलत होतो. त्यानं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "इतक्या गावांत सांगितलं मी. एकानं तरी खरं धरलं आसंल का रं?"

मी म्हटलं, "धरलं असेल की."

"आसंल," तो म्हणाला. "तुलाबी ठावं न्हाई."

या वेळी तो लवकर सुटला नाही. सुटला तेव्हा मन जरा ताळ्यावर होतं, पण छाती गेली होती. थंडीच्या दिवसांत ट्रंकेसकट परत आमच्याच दारात आला. आईनं त्याची खाट चुलीच्या खोलीत घातली. मास्तर रोज सकाळी त्याच्याजवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. फड गावोगाव फिरत होता, पण मी जायचं टाळत होतो. बाईंनी समजून घेतलं. शेवटच्या दिवसांत त्याला धाप लागायची, बोलवत नसायचं, पण मी दूध घेऊन बसलो की तोच प्रश्न डोळ्यांत यायचा. मला ते सहन व्हायचं नाही. मी भिंतीकडं बघत चमचा पुढं करायचो. एका दुपारी आई अंगणात धान्य पाखडत होती, तेव्हा तो गेला.

त्याला अग्नी दिला भिकाजीनं. सगळी हयात पाहुण्याला "कवा निघनार" विचारणारा माणूस घोडनदीच्या काठावर लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडला. तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही परत नदीवर गेलो. तुळसाबाई होत्या, फडातली माणसं होती, आणि मास्तरही आले होते, काठी टेकत. त्या दिवशी शिरूरचा बाजार होता. बाजारात बातमी फुटली होती, त्यामुळं आसपासच्या गावांचे लोक वाटेत थांबून बघत होते. निमोण्याचेही बरेच होते.

तेवढ्यात एक बैलगाडी उतरणीवरून आली आणि थांबली. तांबडा फेटा बघून मी ओळखलं. आप्पा खाली उतरले, मागं वळले आणि त्यांनी एका जवान पोराला हात धरून उतरवलं. पोराची नजर एका जागी ठरत नव्हती. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता. निमोण्याचे लोक एकमेकांकडं बघायला लागले. आप्पांचा धाकटा मुलगा कामाला मुंबईला आहे, असं सगळं गाव समजून होतं.

आप्पा राखेपुढं उभे राहिले. त्यांनी फेटा काढून हातात घेतला. मग ते आमच्याकडं नाही, आपल्या गावच्या लोकांकडं तोंड करून बोलले.

"ह्यो माझा पोरगा. मुंबईला न्हाई. माझ्या गोठ्यात व्हता, साखळीला. मी बांधला व्हता. पाव्हण्यांनी हजेरीला सांगितलं, त्याच दुपारी साखळी काढली. मग पुन्याला नेला, गुपचूप. पुरता बरा न्हाई झाला. व्हनार बी न्हाई म्हनत्यात. पर माझ्या हातानं जेवतोय. अंगनात बसतोय."

लग्नाच्या दोन लेकी होत्या त्या माणसाच्या घरात. जे बोलले त्यानं काय होणार, हे त्यांना आमच्याहून जास्त कळत होतं. नदीवर धुणी धुणाऱ्या बायासुद्धा हात थांबवून उभ्या राहिल्या. मी सवयीनं कान देऊन होतो. कुणीही हसलं नाही. मास्तर काठी टेकत पुढं गेले आणि त्यांनी आप्पांच्या पाठीवर हात ठेवला.

मग आप्पा माझ्याजवळ आले. म्हणाले, "पाव्हन्यांना सांगायला यायचं व्हतं मला. लई डाव गाडी जुंपली. लोक बघतील म्हनून फिरवली माघारी. मास्तर, त्यांना कळलं आसंल का?"

मास्तर म्हणजे ते मलाच म्हणत होते, पेटीमास्तर. आमचे खरे मास्तर शेजारीच उभे होते, आणि त्यांनी मला आयुष्यात कधी खोटं बोलू दिलं नव्हतं. मी म्हणालो, "कळलं होतं, आप्पा. शेवटच्या दिवशी बोलले ते माझ्याशी. म्हणाले, निमोण्यात एकानं खरं धरलं."

आप्पांनी डोळे पुसले आणि पोराला हाताला धरून गाडीत बसवलं. गाडी चढाला लागली. मग मास्तर माझ्याकडं वळले. कित्येक वर्षांनी त्यांनी मला नावानं हाक मारली. "दानीएल," ते म्हणाले, "चल घरी. आई वाट बघत असेल."

संपादकसाहेब, उपासनेतील पेटीबद्दल यात फारसं काही आलं नाही, याची मला कल्पना आहे. छापायचं असेल तर छापा. फक्त मी खोटं बोललो ती ओळ गाळू नका. ही माझीही साक्ष आहे.